‘अडथळा फक्त १२ टक्के’

वापरलेली २०० मिमीची न्यूटोनियन (आरशांची) दुर्बीण घेताना मी फसलो, आणि विकणाऱ्याने एकही आकडा खोटा सांगितला नव्हता. म्हणूनच हे लिहितोय.

मला ती हवी होती गुरू-मंगळासाठी. तो म्हणाला, “ग्रहांसाठीच आहे. दुय्यम आरशाचा अडथळा अवघा १२ टक्के.” (नळीत पुढे बसवलेला हा छोटा आरसा प्रकाश डोळ्याकडे वळवतो, पण मुख्य आरशाकडे येणारा थोडा प्रकाश अडवतोही.) अडथळा २० टक्क्यांच्या आत असला की ग्रह छान दिसतात एवढं मला ठाऊक होतं. १२ ऐकून हरखलोच. त्याने रात्री दाखवलीही: चंद्राची विवरं आणि मिथुन राशीतला कॅस्टर. कॅस्टरचे दोन तारे इतके सुटे, टोकदार दिसले की मी तिथेच पैसे मोजले.

घरी गुरू काही खुलेना. दोन पट्टे दिसायचे, पण कडा पुसट, आतली वळणं नाहीतच, तांबडा डाग असून नसल्यासारखा. आधी हवेला दोष दिला, मग कॉलिमेशनला, म्हणजे आरशांच्या जुळणीला. शेवटी मैत्रिणीची १५० मिमी एफ/८ (फोकसचं अंतर आरशाच्या व्यासाच्या आठपट) दुर्बीण शेजारी लावली. गुरू पाहताना दोघींत डावं-उजवं करता येईना.

दुसऱ्या दिवशी नळी आडवी करून दुय्यम आरसा पट्टीने मोजला. (पट्टी दोरीने मनगटाला बांधा, मुख्य आरशावर पडली तर संपलंच.) हा आरसा लंबगोल असतो आणि तिरका बसवतात, म्हणून लहान अक्ष, म्हणजे कमी रुंदी, धरायची: ७० मिमी. म्हणजे व्यासाने ३५ टक्के! क्षेत्रफळाने १२. त्याने क्षेत्रफळाचा आकडा सांगितला, मी व्यासाचा समजलो.

क्षेत्रफळावरून उजेड किती घटला तेवढंच कळतं, आणि ती घट डोळ्याला जाणवतही नाही. ग्रहाचं चित्र बिघडतं ते व्यासाच्या प्रमाणात. अडथळा नसेल तर ताऱ्याचा सुमारे ८४ टक्के प्रकाश मधल्या ठिपक्यात येतो. अडथळा ३५ टक्के झाला की तो ६५च्याही खाली जातो, बाकीचा भोवतीच्या वलयांत सांडतो. ग्रहाच्या प्रत्येक बिंदूचं हेच होतं आणि फिक्या-गडद छटा एकमेकींत मिसळतात. ढोबळ हिशेब असा की मुख्य आरशाच्या व्यासातून दुय्यमचा वजा करायचा; उरेल तेवढ्या व्यासाच्या, अडथळा नसलेल्या दुर्बिणीसारखे ग्रह दिसतात. माझे २०० वजा ७०, उरले १३०. तिचे १५० वजा ३०, उरले १२०. शेजारी लावून दिसलं ते हेच.

आणि कॅस्टर? मोठ्या अडथळ्याने मधला ठिपका उलट किंचित बारीक होतो, जोडतारे सुटे दिसतातच. विवरांच्या काळ्याकुट्ट सावल्यांनाही फारसा फरक पडत नाही. त्याने नेमकं तेच दाखवलं.

खूण डोळ्यांसमोर होती. नळी एफ/४ची. दुय्यम आरसा फोकसच्या २४० मिमी अलीकडे; तिथे प्रकाशाचा शंकू ६० मिमी रुंद असतो. १२ टक्के व्यासाचा, म्हणजे २४ मिमीचा आरसा तिथे निम्म्याहून जास्त प्रकाश सोडून देईल. ही फोटोग्राफीची दुर्बीण होती. कॅमेऱ्यासाठी फोकस लांब बाहेर काढलेला, म्हणून आयपीसखाली (डोळा लावतो त्या भिंगाखाली) एक्स्टेन्शन ट्यूब जोडलेली. ती मी पाहिली होती, विचारलं नाही.

फोन केला तर म्हणाला, “मी १२ म्हटलं, १२च आहे.”

तुम्ही घेताना दुय्यम आरशाचा व्यास मिलिमीटरमध्ये लेखी मागा आणि ग्रहावरच लावून बघा. ग्रह वर नसेल तर ठळक तारा बराच आउट ऑफ फोकस करा. तारा पसरून झालेल्या तबकडीच्या मधला काळा गोल तिच्या रुंदीच्या एक तृतीयांशाहून मोठा दिसला, तर ती दुर्बीण ‘खास ग्रहांसाठी’ म्हणून घेऊ नका.