एचुका : मरे नदीच्या धक्क्यावर दोन दिवस

ऑस्ट्रेलियातल्या एचुकाच्या बंदरात तिकीट घेतले की बहुतेक पाहुणे सरळ आगबोटीकडे वळतात. माझे सांगणे असे की आधी जिना उतरून धक्क्याच्या पोटात जावे. तिथे रेड गमचे, म्हणजे आपल्या निलगिरीच्याच एका भाऊबंदाचे, कवेत न मावणारे खांब ओळीने उभे आहेत. त्यांना आडव्या-तिरक्या तुळया जोडून एकावर एक अशा पातळ्या केल्या आहेत, आणि प्रत्येक पातळीवर बोट लावण्याची सोय आहे. उन्हाळ्यात मरे नदी आटायची तेव्हा माल खालच्या पातळीवर चढत-उतरत असे, आणि वसंतात डोंगरावरचे बर्फ वितळून पाणी चढले की वरच्या. नदीने आपल्या सोयीने वागावे अशी अपेक्षा न ठेवता, पाणी जिथे असेल तिथे बोट लागेल, असा हिशोब करून १८६५ साली हे काम सुरू झाले. जुलै महिना आला की सकाळी उठल्याबरोबर ‘राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फुटांवर आले?’ एवढेच विचारणाऱ्या आम्हा कोल्हापूरकरांना या लाकडी बांधकामाची थोरवी वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

एचुका हे मेलबर्नच्या उत्तरेला दोनशेहून थोड्या अधिक किलोमीटरवर असलेले, सुमारे पंधरा हजार वस्तीचे गाव. स्थानिक आदिवासी भाषेत या नावाचा अर्थ ‘पाण्यांची भेट’ असा सांगितला जातो, आणि तो शब्दशः खरा आहे, कारण कॅम्पास्पी नदी गावालगतच मरेला मिळते आणि गोलबर्न नदी थोडी वरच्या बाजूला. प्रयाग चिखलीला आणि नृसिंहवाडीला लहानपणापासून जात आलेल्या माणसाला संगमाची ओढ असतेच; पण तिथे ना घाट, ना देऊळ, ना घंटानाद, नुसती उंच झाडे आणि मातकट, संथ पाणी. पहिल्या पाच मिनिटांत सौभाग्यवतींनी ‘एवढेच?’ असे विचारले, हे प्रामाणिकपणे नमूद करतो. पुढच्या तासाभरात मात्र त्या त्याच काठावरच्या बाकावरून उठायला तयार नव्हत्या.

गावाचा इतिहास एका माणसापासून सांगतात, आणि तो सांगण्यासारखा आहे. हेन्री हॉपवूड हा इंग्लंडमधला माणूस चोरीचे रेशीम घेतल्याच्या गुन्ह्याखाली शिक्षा होऊन १८३४ साली टास्मानियात धाडला गेला. शिक्षा भोगून झाल्यावर तो मरेच्या काठी आला आणि १८५० च्या दशकात त्याने इथे नदीवर तर, म्हणजे उतारूंना पैलतीरी नेणारी नाव, सुरू केली. पलीकडच्या काठावर, आज जिथे मोआमा हे जोडगाव आहे तिथे, जेम्स मेडन याची तर त्याच्याही आधीपासून चालत होती. आमच्याकडे पुराच्या दिवसांत गुळाच्या काहिलीतून माणसे पैलतीरी नेल्याच्या गोष्टी आजोबा सांगत असत. पण उतारूच्या पैशातून खानावळ, पूल आणि अखेर अख्खे गाव उभे करणारा तरवाला मी तरी दुसरा ऐकलेला नाही. त्याचे ‘ब्रिज हॉटेल’ बंदराजवळ अजून उभे आहे.

एचुकाचे नशीब खऱ्या अर्थाने उघडले ते १८६४ साली मेलबर्नहून बेंडिगोमार्गे रेल्वे आली तेव्हा. त्याच्या अकरा वर्षे आधी, म्हणजे १८५३ साली, विल्यम रँडेल आणि फ्रान्सिस कॅडेल या दोघांनी जवळपास एकाच वेळी मरे नदीतून आगबोटी वर आणून दाखवल्या होत्या. दूरवरच्या डार्लिंग आणि मरंबिजी नद्यांच्या काठी मेंढ्यांचे प्रचंड कळप होते, पण त्यांची लोकर बैलगाडीने समुद्रापर्यंत न्यायची म्हणजे महिने लागत. ती लोकर बोटींनी आणि त्यांच्यामागे ओढल्या जाणाऱ्या बार्जांनी एचुकाला आणायची, धक्क्यावरच उभ्या असलेल्या वाघिणींत भरायची आणि थेट मेलबर्नच्या बंदरात पोचवायची, अशी साखळी जुळली. शाळेच्या भूगोलात ‘मरे-डार्लिंगचे खोरे’ पाठ करताना या नद्यांवर असे काही चालले होते हे आम्हाला कुणी सांगितले नव्हते. १८८० च्या दशकात हा धक्का तीनशे मीटरहून लांब झाला होता आणि एचुका हे ऑस्ट्रेलियातले सर्वांत मोठे अंतर्देशीय बंदर गणले जात होते. त्यातच त्या काळी व्हिक्टोरिया आणि न्यू साउथ वेल्स या स्वतंत्र वसाहती होत्या, त्यामुळे नदी ओलांडली की जकात. जकातीच्या कचेरीची इमारत आजही पाहायला मिळते.

रेल्वेने मोठे केलेले बंदर रेल्वेनेच मारले. लोहमार्ग लोकरीच्या मुलखापर्यंत जाऊन पोचले, रस्ते सुधारले, आणि पाणी कधी येईल याची वाट पाहत महिनोन्‌महिने चिखलात रुतून राहणाऱ्या बोटींची गरज उरली नाही. दुसऱ्या महायुद्धात मेलबर्नला जळणाची टंचाई पडली तेव्हा, १९४४ साली, या धक्क्याचा मोठा भाग तोडून सरपणासाठी पाठवला गेला. माहितीफलकावरचे हे वाक्य मी दोनदा वाचले. उरलेला भाग गावाने पुढे जपला, दुरुस्त केला, आणि २००७ साली तो देशाच्या राष्ट्रीय वारसा यादीत गेला.

आता आगबोटीविषयी, ज्यासाठी मी मुख्यतः हे लिहायला बसलो. मी एका सहकारी साखर कारखान्याच्या बॉयलर विभागात बत्तीस वर्षे काढली, त्यामुळे वाफेच्या इंजिनाची सफर म्हणून वरवर रंगवलेले डिझेल इंजिन असेल तर ते मला पहिल्या मिनिटाला कळले असते. ‘पेव्हन्सी’ ही १९११ सालची मालवाहू आगबोट आहे आणि तिच्यात काहीही खोटे नाही. बॉयलर आणि इंजिन खालच्या डेकवर मधोमध, उतारूंच्या डोळ्यांसमोर आहेत. भट्टीत रेड गमचे ओंडके जातात; फायरमन पोरगेलासा होता, पण भट्टीचे दार उघडताना तो अंग बाजूला घेऊन उभा राहत होता आणि ओंडका टाकून झाल्यावर पहिली नजर बॉयलरमधले पाणी दाखवणाऱ्या गेज ग्लासवर, दुसरी प्रेशर गेजवर टाकत होता. ही सवय शिकवावी लागते, आणि ती त्याला कुणीतरी नीट शिकवलेली होती. पितळी तेलपात्रे लख्ख होती, पिस्टन रॉडच्या ग्लँडमधून वाफेची किंचितशी रेघ निघत होती, आणि दोन्ही बाजूंची चाके पाण्यावर आपटत असल्याचा ठोका पायाखालच्या फळ्यांतून जाणवत होता. गरम तेल, ओली वाफ आणि जळके लाकूड यांचा तो एकत्र वास मला निवृत्तीनंतर पहिल्यांदाच आला. मी कुठे काम करत होतो हे जावयांनी त्या फायरमनला सांगितले तेव्हा त्याने आमच्याकडे बॉयलरला काय जाळतात असे विचारले. ‘उसाचे चिपाड,’ हे उत्तर ऐकून त्याने चेंडू झेलावा तशी ओंजळ करून, ते हातात कसे लागते ते दाखवायला सांगितले.

बोट निघाली की सुकाणूवरचा माणूस वरून माहिती देत असतो. त्यातली एक गोष्ट माझ्या मनात राहिली : राज्यांची हद्द नदीच्या मध्यावरून जात नाही, ती दक्षिण काठाच्या माथ्यावर आहे, म्हणजे धक्क्यावरून बोटीत पाऊल टाकले की आपण व्हिक्टोरियातून न्यू साउथ वेल्समध्ये गेलो. पाण्याच्या वाटपावरून तंटे ऐकत मोठ्या झालेल्या माणसाला, सबंध नदी एकाच राज्याच्या पदरात टाकणारी ही आखणी ऐकून पुढचा अर्धा तास त्याचाच विचार करावासा वाटतो. फेरी साधारण तासाभराची असते. वाटेत १८७८ सालचा लोखंडी पूल लागतो. आपल्या शिवाजी पुलाशेजारी जसा नवा पूल झाला, तसाच इथेही २०२२ मध्ये नवा पूल झाला असून त्याला मरे नदीचे इथल्या योर्टा योर्टा आदिवासींच्या भाषेतले नाव, ‘धुंगाला’, दिले आहे.

एक प्रश्न मला पडला होता : नदी इतकी चढउतार करणारी, तर बोटी वर्षभर कशा फिरतात? याचे उत्तर खालच्या अंगाला असलेल्या टोरंबॅरी बंधाऱ्यात आहे, जो एचुकापर्यंतचे पाणी तोलून धरतो. आम्ही मुद्दाम गाडी काढून तिथे गेलो, आणि प्रत्येक कोल्हापूरकराने जावे असे मी म्हणेन. १९२३ सालचा मूळ बंधारा लोखंडी चौकटींचा होता, आणि पूर आला की त्या चौकटी नदीतून ओढून काठावर काढून घेत. पावसाळ्यापूर्वी बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, काढायचे आणि पाऊस सरला की पुन्हा घालायचे, हे कोल्हापुरी पद्धतीच्या बंधाऱ्याचे मर्मच तिथे दुसऱ्या गोलार्धात, दुसऱ्या आकारमानात समोर उभे होते. गळती लागल्यामुळे १९९० च्या दशकात तो बंधारा नव्याने बांधला गेला. जुन्या चौकटींचा नमुना मात्र जपून ठेवला आहे.

तरीही पूर येतोच. ऑक्टोबर २०२२ मध्ये नदीने १९९३ ची पातळी ओलांडली तेव्हा गावातूनच मातीचा लांबलचक बांध घालावा लागला, आणि काही घरे बांधाच्या कोरड्या बाजूला तर काही ओल्या बाजूला राहिली. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शिरोळ तालुक्यातल्या आमच्या नातेवाइकांची घरे पाण्याखाली गेली होती. बांधाची ही हकीकत ऐकवणाऱ्या दुकानदार बाईंना मी ते सांगितले, तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो ‘गाळ काढायला किती दिवस लागले?’ हा. पूर पाहिलेला माणूसच हा प्रश्न विचारतो.

दुसऱ्या दिवशी बार्मा इथे जावे. ते रेड गमचे जगातले सर्वांत मोठे जंगल मानले जाते आणि २०१० पासून राष्ट्रीय उद्यान आहे. हजारो वर्षांपूर्वी जमीन उचलली गेल्यामुळे नदीची वाट अडली, ती वळून अरुंद झाली, आणि म्हणूनच तिचे पाणी जंगलात पसरते; हे जंगल त्या पसरलेल्या पाण्यावर जगते. हा सारा योर्टा योर्टा लोकांचा मुलूख. जवळच कमरागुंजा ही वसाहत आहे, जिथून ४ फेब्रुवारी १९३९ रोजी शेकडो आदिवासी वाईट वागणुकीचा निषेध म्हणून नदी ओलांडून निघून गेले. तिथेच १९०६ साली जन्मलेले डग्लस निकोल्स पुढे १९७६ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियाचे गव्हर्नर झाले. नुसती आगबोट पाहून परतणाऱ्याच्या हाती नदीचा दीडशे वर्षांचाच इतिहास लागतो, आणि नदीची कथा त्याहून फार जुनी आहे.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. ‘स्टार हॉटेल’ या १८६७ च्या इमारतीखालचे तळघर आणि पोलिसांची चाहूल लागताच पिणारे ज्यातून पळत असे सांगतात ते भुयार मुलांना फार आवडते. होल्डन मोटारींचे संग्रहालय मोटारींची हौस असणाऱ्यांसाठी होते, पण ते आता बंद झाले आहे. मी तिथे रेंगाळलो नाही. शाकाहारी माणसाला बेकरीतला भाज्यांचा पाय आणि बटाट्याचे वेफर यांवर भागवावे लागते, तेव्हा दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बरोबर असू द्यावी. आम्ही ती काठावरच्या बाकावर बसून खाल्ली.

एक तक्रार मात्र नोंदवतो. तीन वर्षांपूर्वी एका पर्यटन कंपनीच्या एकदिवसीय सहलीतून मी इथे पहिल्यांदा आलो होतो, तेव्हा पत्रकात ‘आगबोटीची सफर’ छापलेली असूनही आम्हाला गावात दोन तासांहून कमी वेळ मिळाला आणि बोट आमच्यासमोर धक्का सोडून निघून गेली. म्हणून सहलीच्या भरवशावर राहू नये. मेलबर्नच्या सदर्न क्रॉस स्थानकावरून रेल्वेने, काही वेळा बेंडिगोला उतरून पुढे बसने, स्वतः जावे, किमान एक रात्र मुक्काम करावा आणि कोणत्या दिवशी कोणती बोट निघणार हे आधी विचारून घ्यावे. डिसेंबर ते फेब्रुवारी ऊन चाळिशीवर जाते. मार्च ते मे हा काळ उत्तम.

माझ्याकडून या गावाला पाचपैकी साडेचार तारे. उरलेला अर्धा ‘ॲडलेड’साठी राखून ठेवला आहे. १८६६ साली याच गावात बांधलेली ती आगबोट, लाकडी तळाच्या चालत्या आगबोटींमध्ये जगातली सर्वांत जुनी, आम्ही गेलो त्या दोन्ही दिवशी धक्क्याला बांधलेली होती आणि तिची भट्टी थंड होती. ती पेटेल तो दिवस कळवायला जावयांना सांगून आलो आहे.