नॅशनल आर्काइव्ह्जची नकला देण्याची सेवा: खर्च करायचाच तर पेन्शनच्या फाइलवर

वकिली केली, यादवी युद्धात लढला, मग विधिमंडळात गेला, अशा एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकी माणसाचं चरित्र जुळवायचं तर वॉशिंग्टनच्या नॅशनल आर्काइव्ह्जला, म्हणजे अमेरिकी सरकारच्या राष्ट्रीय अभिलेखागाराला, पर्याय नाही. नकला ऑनलाइन मागवता येतात. अडतं ते फॉर्म निवडताना.

फॉर्म 86 सेवानोंदीचा, 30 डॉलर. हजेरीपटांवरून युद्ध खात्याच्या कारकुनांनी मागाहून उतरवलेली कार्डं मिळतात: अमुक महिन्यात हजर, तमुक महिन्यात आजारी. तारखा पक्क्या करायला ठीक, पण चरित्राला यातून फारसं काही हाती लागत नाही. शिवाय ही नोंद रेजिमेंटवार असते. इलिनॉयचा वकील आणि पुढे सिनेटर झालेल्या जॉन लोगनचंच घ्या: मेक्सिकोच्या युद्धात पहिली इलिनॉय रेजिमेंट, 1861 मध्ये 31व्या इलिनॉयचा कर्नल. म्हणजे दोन फायली, दोन ऑर्डरी. आणि मार्च 1862 मध्ये तो ब्रिगेडियर जनरल झाला, तिथे रेजिमेंटची नोंद संपते. पुढची कारकीर्द या फाइलमध्ये शोधणं व्यर्थ.

खरा ऐवज फॉर्म 85च्या पेन्शन फाइलमध्ये. पूर्ण फाइल 100 पानांपर्यंत 80 डॉलर, त्यापुढे पानामागे 70 सेंट. महाग आहे, पण डॉक्टरांच्या तपासणीत जखम नेमकी कुठे होती ते लिहिलेलं असतं, सोबतच्या सैनिकांचे शपथेवरचे जबाब असतात, विधवेने अर्ज केला असेल तर लग्नाचा पुरावा आणि मुलांच्या जन्मतारखाही. 30 डॉलरचं निवडक कागदांचं पाकीट घेऊ नये. त्यात वंशावळीपुरते मोजके कागद येतात आणि वाचण्यासारखे जबाब बहुधा राहून जातात.

मागवण्याआधी पेन्शनचं सूचीकार्ड बघाच. फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळावर फुकट दिसतं. ‘इनव्हॅलिड’ ही ओळ सैनिकाच्या स्वतःच्या अर्जाची, ‘विडो’ ही पत्नीच्या. प्रत्येकीसमोर अर्ज क्रमांक आणि मंजुरी झाली असल्यास प्रमाणपत्र क्रमांक. हे क्रमांक, कंपनी आणि रेजिमेंट फॉर्मवर भरलं नाही, तर त्याच नावाच्या भलत्याच माणसाची फाइल हाती पडू शकते. विल्यम स्मिथ काय थोडे होते? फाइल सापडली नाही तर पैसे घेत नाहीत, हे मात्र चांगलं.

माणूस दक्षिणेच्या बाजूने लढलेला असेल तर इथे पेन्शन शोधू नका. ती त्या-त्या राज्यांनी दिली. व्हर्जिनियाचे कागद रिचमंडला, टेक्ससचे ऑस्टिनला.

विधिमंडळातल्या कारकिर्दीसाठी डॉलर मोडायची गरज नाही. काँग्रेसच्या सदस्यांचा अधिकृत चरित्रकोश ऑनलाइन मोफत आहे. राज्याच्या विधिमंडळापुरताच मर्यादित राहिलेला माणूस त्यात नसतो. त्याच्यासाठी त्या राज्याच्या सभागृहाची छापील कामकाज-इतिवृत्तं चाळावी लागतात.

वॉशिंग्टनमध्ये कुणी ओळखीचं असेल तर नकलांचा खर्चही वाचतो. संशोधक कार्ड मोफत मिळतं, आणि वाचनकक्षात फ्लॅश बंद ठेवून मोबाइलने पानांचे फोटो काढता येतात.