राजदूत ३५०ला ‘जपानी’ सीडीआय बसवला आणि ५४,४०० रुपये गेले

आकडा आधीच सांगून टाकतो, कारण घरात अजून कुणाला तो पूर्ण सांगायची हिंमत झालेली नाही. ५४,४०० रुपये. त्यातले सीडीआय बॉक्सचे (प्लगला इलेक्ट्रॉनिक पद्धतीने ठिणगी देणारी डबी) १८,५००, बसवण्याचे २,५००, नंतर ‘प्रोग्रामिंग’च्या नावाखाली ३,८००. खंबाटकीतून गाडी टेम्पोत घालून आणायला २,२०० आणि इंजिन पुन्हा उभं करायला २७,४००. शेवटचे दोन आकडे बॉक्स विकणाऱ्या माणसाच्या खिशात गेले नाहीत, पण मी ते त्याच्याच नावावर धरतो.

माझी गाडी १९८६ची राजदूत ३५० मोटरसायकल. बाबांनी नवी घेतलेली. ज्यांच्याकडे ही गाडी आहे त्यांना पॉइंटचं (जो उघडला की प्लगला ठिणगी पडते तो छोटा स्विच) दुखणं सांगायला नको, पण बाकीच्यांना कळायला हवं की मी हा खर्च हौस म्हणून केला नाही. दोन सिलिंडर, दोघांना वेगळा पॉइंट, वेगळा कंडेन्सर, वेगळी कॉईल. पॉइंटची टाच कॅमवर घासून झिजते, गॅप कमी होतो आणि गॅपबरोबर टायमिंगही, म्हणजे ठिणगी पडायची वेळही, सरकतं. तेही दोन्ही बाजूंचं सारखं नाही. डाव्या बाजूचा प्लग काळा तर उजव्या बाजूचा पांढरा, असं आमचं दोन वर्षं चाललं होतं. हल्ली बाजारात मिळणारे कंडेन्सर इंजिन तापलं की दगा देतात. सिग्नलला गाडी बंद पडायची आणि मागचे हॉर्न वाजवत असताना मी किक मारत उभा. त्यामुळे इलेक्ट्रॉनिक इग्निशनचा विचार चुकीचा नव्हता. चांगला सेट बसवलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत, त्या वर्षानुवर्षं टायमिंगला हात न लावता चालतात. ही गोष्ट मी आजही ठामपणे सांगेन.

तो माणूस मला जुन्या गाड्यावाल्यांच्या रविवारच्या भेटीत भेटला. स्वतःच्या आरडीवर (राजदूत ३५० ज्या यामाहावरून बनली ती) आलेला, अर्ध्या किकमध्ये गाडी चालू. बोलण्यात कुठे अडखळला नाही. या गाडीची हाय टॉर्क आणि लो टॉर्क ही दोन मॉडेलं, त्यांची ३०.५ आणि २७ अश्वशक्ती, रीड व्हॉल्व्हच्या पात्या, ऑइल पंपाची खूण, सगळं तोंडपाठ. एस्कॉर्ट्सने १९८३मध्ये यामाहाच्या परवान्यावर ही गाडी काढली तेव्हापासूनचा इतिहास सांगत होता. अशा माणसावर विश्वास ठेवला म्हणून मला भोळा म्हणणाऱ्यांनी समोर उभं राहून त्याचं बोलणं ऐकायला हवं होतं. आमचे जुने मिस्त्री डोळ्यांच्या ऑपरेशननंतर काम करत नव्हते, नाहीतर मी दुसऱ्या कुणाच्या हाती गाडी दिलीच नसती.

“दादा, जपानहून मोजून सहा बॉक्स आलेत, चार गेले,” असं म्हणाला. १०,००० यूपीआयने ॲडव्हान्स घेतले. मोबाईलवर भलतंच नाव आलं. विचारलं तर म्हणे भावजयीचं खातं आहे, त्याच्या खात्याचं केवायसी अडकलंय. उरलेले रोख. बिल मागितलं तर म्हणाला, “बिलाचे ५,००० वाढतील, बघा.” मी ५,००० वाचवले. त्या पाच हजारांनी पुढे माझं तोंड सगळीकडे बंद केलं. म्हणून हे वाचणाऱ्यांनी कितीही महाग पडलं तरी बिल घ्या आणि पैसे ज्याला देताय त्याचंच नाव स्क्रीनवर येतंय का ते बघा. दुसरं नाव आलं की तिथेच थांबा.

बसवायला तो घरी आला. चार तास. मला म्हणाला, पॉइंट राहतील, पण आता त्यांच्यातून मोठा करंट जाणार नाही, ते बॉक्सला फक्त सिग्नल देतील. असे सेट खरंच असतात आणि मला ते माहीत होतं, म्हणूनच मला काही खटकलं नाही. “पण हे जुने पॉइंट चालणार नाहीत, स्पेशल लागतात,” असं म्हणून त्याने बाबांच्या काळापासून जपलेले मूळ जपानी पॉइंट आणि दोन्ही कंडेन्सर काढले, साधे नवे बसवले आणि जुने ‘स्क्रॅप’ म्हणून पिशवीत टाकून घेऊन गेला. आज त्या पॉइंटची जोडी शोधून मिळत नाही. मला आता खात्री वाटते की बॉक्स हे निमित्त असतं, त्याचा डोळा आपल्या मूळ पार्टवर असतो. काढलेला एकही पार्ट, मोडका असला तरी, कुणाला नेऊ देऊ नका.

गाडी चालू केली आणि खरोखर वेगळी वाटली. थ्रॉटलला झटकन उठत होती, आवाज कोरडा आणि तिखट. बॉक्सवरचा लाल दिवा लुकलुकत होता. मी खूश होऊन उरलेले पैसे मोजले.

आता ज्या क्षणासाठी मला रात्री झोप लागत नाही, तो सांगतो.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बाजूचं कव्हर काढून मी मुलाला बॉक्स दाखवत होतो. तो बारावीला आहे, त्याला या गोष्टींची आवड आहे. गाडी चालूच होती. वायरी हाताळताना त्याच्या हातून बॉक्सचा कप्लर, म्हणजे वायरींचा जोड, निघाला. दिवा विझला. गाडी चालूच राहिली. आवाजात फरक नाही, आयडलिंग एका फेऱ्यानेही हललं नाही. मुलाने मला सरळ विचारलं, “बाबा, बॉक्स काढला तर गाडी बंद का नाही पडली?”

सोळा-सतरा वर्षांच्या पोराला जे दिसलं ते मला दिसलं नाही. नाही, दिसलं होतं, पण मला ते बघायचं नव्हतं. मी लगेच त्या माणसाला फोन लावला. तो क्षणभरही न थांबता म्हणाला, “दादा, त्याच्यात बॅकअप आहे. बॉक्स निघाला की गाडी आपोआप पॉइंटवर जाते. ओरिजिनल जपानी मालाची हीच खासियत.” आणि मी फोन ठेवून तेच वाक्य मुलाला शिकवलं. माझ्या तोंडून, माझ्या आवाजात. तो गप्प बसला. ते गप्प बसणं मला आजही टोचतं.

पॉइंटवर परत आणता येणारे सेट असतात, पण त्यासाठी कुठेतरी स्विच लागतो किंवा वायरी हाताने बदलाव्या लागतात. कप्लर ओढला आणि इंजिनाला कळलंसुद्धा नाही, याचा अर्थ एकच निघतो: स्पार्क कधी बॉक्समधून गेलाच नव्हता. मला हे कळायला हवं होतं. बावीस वर्षं मी ही गाडी चालवतोय.

दुसरी खूण त्या दिव्यातच होती. तो सेकंदाला दोनदा लुकलुकायचा, आयडलिंगलाही आणि ५,००० आरपीएमलाही. टू-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक फेऱ्याला प्रत्येक सिलिंडरचा प्लग एकदा ठिणगी देतो. १,२०० आरपीएमला सेकंदाला २० वेळा, दोन्ही धरून ४०. खऱ्या ट्रिगरवरचा दिवा डोळ्याला जवळजवळ सलग पेटलेला दिसला असता. हा हिशोब मला शाळेपासून येतो. मी केला नाही.

उलट आठवड्याने उजवी बाजू थोडी अडखळायला लागली तेव्हा त्याला पुन्हा बोलावलं. लॅपटॉप घेऊन आला, बॉक्सला एक वायर लावली, दहा मिनिटं काहीतरी केलं आणि ‘मॅप बदलला’ म्हणून ३,८०० घेतले. जाताना डाव्या बाजूचं कव्हर काढून पॉइंटची प्लेट थोडी फिरवली. गाडी पुन्हा तरतरीत.

तरतरीत का झाली ते खंबाटकीत कळलं. मागे बायको बसली होती. चढाला चौथ्या गिअरमध्ये इंजिनातून टिणटिण असा बारीक धातूचा आवाज यायला लागला, मी थ्रॉटल सोडेपर्यंत एक बाजू गेली आणि गाडीने आवंढा गिळल्यासारखा झटका दिला. क्लच वेळेत दाबला म्हणून मागचं चाक जाम झालं नाही. मागून ट्रक येत होता. पैशांचं एक वेळ सोडून देईन, हे सोडणार नाही.

डाव्या पिस्टनला वरून भोक पडलं होतं, करंगळी जाईल एवढं. आमच्या मिस्त्रींनी डोळ्यांना त्रास होत असूनही स्वतः बसून पिस्टनची जागा मोजणारा डायल गेज लावला. या इंजिनाला पॉइंट उघडायला हवा पिस्टन वर पोचायच्या २.० मिलिमीटर आधी. डावा २.९ला उघडत होता, उजवा २.६ला. म्हणजे टायमिंग नुसतंच पुढे ओढून ठेवलं होतं. खालच्या आरपीएमला गाडी चटपटीत वाटते, ग्राहक खूश होतो आणि लोड आला की पिस्टन वितळतो. “दादा, नवे पॉइंट, नवे प्लग आणि बरोबर टायमिंग एवढंच केलं असतं तरी गाडी अशीच पळाली असती,” मिस्त्री म्हणाले. कुणीही टायमिंगला हात लावला तर आपल्या डोळ्यांसमोर डायल गेज लावून आकडा दाखवायला सांगा. गेज नाही म्हणाला तर पाना खाली ठेवायला सांगा.

मग बॉक्स उघडला. टीव्ही दुरुस्त करणाऱ्या ओळखीच्या माणसाने ड्रेमेलने कापून दिला. आत काळा एपॉक्सी, वजनासाठी लोखंडी वॉशर, आणि ५५५ आयसीवर (साधी टायमर चिप) दिवा लुकलुकवणारं छोटं सर्किट. आठ वायरींपैकी दोन दिव्याला. उरलेल्या सहा एपॉक्सीत शिरून तिथेच संपलेल्या. लॅपटॉपची वायर लावायचा सॉकेटसुद्धा कशालाच जोडलेला नव्हता. त्या सर्किटला शंभर रुपयेही लागले नसतील.

सगळे पुरावे घेऊन पोलीस ठाण्यात गेलो. कापलेला बॉक्स, भोक पडलेला पिस्टन, यूपीआयचा स्क्रीनशॉट. पहिल्या दिवशी दोन तास बाकावर. मग समोरचे म्हणाले, बिल कुठंय? बिल नाही म्हणजे व्यवहार नाही, हा दिवाणी मामला आहे. मी म्हटलं, नकली वस्तू खरी म्हणून विकली, भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८मध्ये फसवणूक येते. त्यावर “तुम्ही वकील आहात का?” दुसऱ्या दिवशी दुसरे साहेब. पैसे मोबाईलवरून गेलेत ना, मग सायबरला जा. सायबरवाले म्हणाले, माणूस तुमच्या घरी आला होता, तुम्ही स्वतः पिन टाकलात, हे सायबरमध्ये बसत नाही, पोलीस ठाण्यात जा. बँकेनेही तेच सांगितलं: पिन तुमचाच, व्यवहार तुमच्या संमतीने. खातं कुणाचं हे बँक मला सांगणार नाही, पोलीस विचारतील तर सांगेल. आणि पोलीस विचारणार नाहीत, कारण बिल नाही.

तिसऱ्या खेपेला एकाने गाडीची कागदपत्रं मागितली. नोंदणीचं नूतनीकरण झालंय का, पीयूसी आहे का, गाडीत बदल करायची परवानगी घेतली होती का. म्हणजे तक्रार करायला आलेला मी, आणि चौकशी माझी. वर “चाळीस वर्षांच्या गाडीवर एवढा खर्च कशाला केलात?” हा प्रश्न. माझ्या वडिलांची गाडी आहे, साहेब. मी ती जपायची की भंगारात घालायची हे ठरवायला मी तुमच्याकडे आलो नव्हतो. चोरी झाली असती तर चोरीचा माल जुना होता का असं विचारलं असतं का? तीन दिवसांची रजा गेली. लेखी पोचसुद्धा मिळाली नाही.

म्हणून इतरांना सांगतो: तोंडी बोलत बसू नका. अर्ज लेखी द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का मागा. नोंदवून घेत नसतील तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४)प्रमाणे तक्रार पोलीस अधीक्षकांना लेखी, पोस्टाने पाठवता येते. मी ती रजिस्टर्ड पोस्टाने पाठवली आहे, पावती जपून ठेवली आहे. पैसे ऑनलाइन गेले असतील आणि फसवणूक लगेच लक्षात आली तर पहिल्या तासातच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. मला कळायला पाच आठवडे लागले, तोवर खात्यात काय उरणार. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, ई-जागृती पोर्टलवरून (आधीचं ई-दाखिल) घरबसल्या अर्ज करता येतो, पण समोरच्याचं नाव आणि पत्ता लागतो. माझ्याकडे फक्त टोपणनाव आणि बंद झालेला नंबर आहे. खरं नाव आणि पत्ता पैसे देण्याआधी घ्या.

बॉक्स ओळखायची खूण: रुपेरी ॲल्युमिनियमची डबी, साधारण साबणाच्या वडीएवढी, निळं स्टिकर, त्यावर जपानी अक्षरं, एका कोपऱ्यात लाल दिवा, मागे आठ वायरींचा कप्लर. कुणी असा बॉक्स लावून दिला असेल तर गाडी चालू ठेवून तो कप्लर काढून बघा. प्लगच्या वायरींना हात लावू नका, फक्त कप्लर. गाडी चालूच राहिली तर लगेच बंद करा आणि टायमिंग तपासल्याशिवाय हायवेला काढू नका. गेल्या आठवड्यात एका ओळखीच्याने यामाहा आरएक्स १००साठी असाच बॉक्स १२,०००ला मिळतोय म्हणून फोटो पाठवला. स्टिकर आता लाल आहे, डबी तीच.