विंडोज, मॅक, लिनक्स: फाइल न्यायची कशी?

फाइल एकदाच द्यायचीय, की रोज दोन्हीकडून उघडायचीय? आधी एवढं ठरवा, निम्मा घोळ तिथेच मिटतो.

एकदाच द्यायची तर पेन ड्राइव्ह बरा, फक्त तो कशात फॉरमॅट केलाय, म्हणजे त्यावर फाइली मांडायची पद्धत कुठली, ते बघा. फॅट३२ सगळीकडे चालतो, पण ४ जीबीच्या वरची फाइल घेत नाही, ड्राइव्ह निम्मा रिकामा असला तरी. एनटीएफएस मॅकवर नुसता वाचता येतो. त्यावर लिहायचं तर वेगळं सॉफ्टवेअर टाकावं लागतं. तिन्हीकडे चालतो तो एक्सफॅट. लिनक्सच्या कर्नलमध्येही (गाभ्यात) तो २०१९ पासून आहे. खोड एकच, तो एनटीएफएससारखं जर्नल, म्हणजे चालू बदलांची नोंद, ठेवत नाही. कॉपी चालू असताना मी एकदा ड्राइव्ह उपटला आणि अख्खं फोल्डर गेलं. तेव्हापासून ‘इजेक्ट’ केल्याशिवाय हात लावत नाही.

रोजचं काम असेल तर माझं मत एसएमबी शेअरला, म्हणजे एका यंत्रावरचं फोल्डर नेटवर्कवरून बाकीच्यांनी उघडायचं. विंडोजमध्ये तो असतोच, मॅकवर फाइंडरमध्ये कमांड आणि के दाबून त्या यंत्राचा पत्ता टाकायचा, लिनक्सवर त्यासाठी सांबा हे सॉफ्टवेअर. फाइल एकाच जागी राहते, त्यामुळे ‘ताजी प्रत कुठली’ हा वाद उरत नाही. डोकेदुखी पहिल्या दिवसाची. बहुतेक जण अडकतात ते पासवर्डपाशी: विंडोजचा पिन इथे चालत नाही, खात्याचा खरा पासवर्डच लागतो. आणि जुनं यंत्र जोडायला कोणी एसएमबी १ (त्याची जुनी आवृत्ती) चालू करायला सांगितलं तर करू नका; २०१७ चा वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस त्याच भगदाडातून पसरला.

लॅपटॉप घेऊन फिरत असाल तर सिंकथिंग, दोन यंत्रांवरचं फोल्डर सारखं ठेवणारं सॉफ्टवेअर. फोल्डर दोन्हीकडे राहतं, मध्ये कुणाचा क्लाउड नाही. पण दोन्ही यंत्रं एका वेळी चालू हवीत, आणि इथे उडवलेली फाइल तिथूनही उडते. बॅकअप म्हणून त्यावर विसंबू नका.

फाइलींच्या नावांचा त्रास मात्र तिन्ही पर्यायांत. कोलन किंवा प्रश्नचिन्ह असलेलं नाव विंडोजला चालत नाही. मराठी नावांत आणखी एक मेख आहे. मॅकच्या जुन्या एचएफएस प्लस पद्धतीची डिस्क ‘ऱ’ फोडून र आणि नुक्ता (खालचा ठिपका) असा साठवते. तिथून आलेलं ‘दुसऱ्या’ आणि लिनक्सवर टाइप केलेलं ‘दुसऱ्या’ दिसायला सारखंच, पण लिनक्सच्या लेखी ती दोन वेगळी नावं. एकाच फोल्डरात दोन्ही सुखाने नांदतात, आणि शोधताना नेमकी नको ती सापडते. सामायिक फोल्डरात मी हल्ली नावात ‘ऱ’ येऊच देत नाही.