आमच्या ऑफिसातले मासे सोमवारीच का मरायचे

ठाण्यात वागळे इस्टेटला आमचं आठ माणसांचं ऑफिस आहे. पीएफ, ईएसआयसी, कामगार कायद्याची रिटर्न्स, असली कामं. गेल्या दसऱ्याला सरांच्या मनात आलं की रिसेप्शनला फिशटँक हवाच. किरकोळ खर्चाची पेटी माझ्याकडे, म्हणून ते कामही माझ्याच गळ्यात पडलं. पाच महिन्यांत त्या टाकीपायी वीस हजाराला पन्नास कमी, एवढे रुपये गेले. पैसे गेल्याचं वाईट वाटतंच, पण ते कसे जात होते हे मला मार्चअखेरसाठी व्हाउचरं लावायला बसेपर्यंत कळलं नाही, त्याची लाज जास्त वाटते. कोणी ऑफिससाठी टाकी घ्यायच्या विचारात असेल, तर जरा दम धरा आणि हे वाचा.

दुकान स्टेशनच्या बाजूचं. नाव लिहीत नाही. मालक गोड बोलणारा, दर वाक्याला 'मॅडम'. दोन फुटी टाकी, झाकण, लाइट, फिल्टर, हीटर, निळी खडी आणि बुडबुडे सोडणारा प्लॅस्टिकचा पाणबुड्या, असा सगळा सेट ८,५०० रुपये. "शंभर लिटरची टाकी आहे मॅडम, पंधरा-वीस मासे आरामात राहतात." बिल मागितलं तर वहीचं पान फाडून त्यावर आकडे लिहून दिले. पक्कं केलं तर जीएसटी लागेल म्हणाला. दिवसभर लोकांच्या कागदांत चुका काढणारी मी, तो चिटोरा निमूट पर्समध्ये टाकून आले.

घरी येऊन नुसती पट्टी लावली असती तरी पुरे होतं. लांबी ६० सेंटीमीटर, रुंदी ३०, उंची ३०. गुणाकार केला की ५४,००० घन सेंटीमीटर, म्हणजे काठोकाठ भरली तरी ५४ लिटर. खडी घातली, वरून चार बोटं रिकामी ठेवली की पंचेचाळीसच्या आसपास. शंभर लिटर हा आकडा त्याने हवेतून काढला होता.

मग मासे. वास्तूप्रमाणे ईशान्य कोपरा, आठ सोनेरी गोल्डफिश आणि एक काळा. सर खूश. त्याशिवाय शोभेला सहा 'रंगीत काच' मासे, अंगातला काटा आरपार दिसतो असे, पाठीवर गुलाबी-हिरवे पट्टे. दोन 'शार्क'. आणि काच चाटत बसणारा एक सकर, "हा टाकी साफ ठेवतो, स्वतःची घाणसुद्धा." अठरा मासे, १,८५० रुपये. निघताना त्याने एक वाक्य सोडलं, ते मला तेव्हा किती छान वाटलं होतं. "काळा मासा मेला तर वाईट वाटून घेऊ नका. ऑफिसवरचं संकट त्याने अंगावर घेतलं समजायचं. फक्त लगेच दुसरा आणून सोडायचा." मासे विकणाऱ्याला याहून सोयीची श्रद्धा शोधून सापडायची नाही. मासा जगला तर माल चांगला, मेला तर तुमचं भलं झालं.

देखभालीचंही ठरलं. महिन्यातून दोन सोमवार त्याचा माणूस येणार, एका खेपेचे ५०० रुपये. आमचं शुक्रवारी काम कमी असतं म्हणून मी शुक्रवार सुचवला. नाही, सोमवारच बरा, म्हणाला.

पहिल्याच सोमवारी चार गोल्डफिश उलटे तरंगत होते. माणूस आला, सगळं पाणी बादल्यांनी उपसलं, खडी धुतली, फिल्टरमधला काळपट झालेला स्पंज बेसिनच्या नळाखाली चोळून पांढराशुभ्र केला, नवं पाणी भरलं, नवे मासे सोडले. टाकी अशी चकचकीत झाली की सगळे मोबाइल काढून फोटो काढायला लागले. गुरुवारपर्यंत पाणी दुधाळ. पुढच्या सोमवारी परत दोन-तीन मेलेले. हे असं पाच महिने चाललं. सर म्हणायचे, बघ, किती संकटं टळली.

पहिला धक्का दिला आमच्याकडे झाडलोट करणाऱ्या मावशींनी. त्या चेंदणी कोळीवाड्यातल्या. एक दिवस फडकं हातात घेऊन टाकीपुढे वाकल्या आणि हसायलाच लागल्या. "अगो, ही कसली शार्क? शार्क म्हणजे आपली मोरी. मोरीला अशा मिशा असतात का? हा गोड्या पाण्यातला, हॉटेलात बासा म्हणून देतात तो." मी नीट पाहिलं. तोंडाशी खरंच मांजरासारख्या मिशा. हा पंगॅशियस, मूळचा आग्नेय आशियातल्या मेकाँग नदीतला, वाढून मीटरभर होतो. आमच्या दोनांतला एक डिसेंबरात गेला होता. उरलेला बोटाएवढा आला होता, तो वीतभर झालेला. दार जोरात लागलं की घाबरून काचेवर धडकायचा, नाकावर पांढरा व्रण पडला होता.

तरी मी त्याला अडाणीपणा समजत होते. खरं कळलं ते व्हाउचरांवरून. दहा खेपांचे पाच हजार आणि बदली माशांचे ४,६०० असे दोन ढीग लावले आणि एकदम लक्षात आलं: बदली मासे आणा म्हणून मी त्याला एकदाही फोन केला नव्हता. तो सोमवारी साडेनऊला दारात यायचा तेव्हा पाणी आणि हवा भरून रबर लावलेल्या पिशव्या हातात तयार असायच्या. किती मेले हे आम्हालाच अजून माहीत नसायचं.

माझा मामेभाऊ कळव्याला राहतो, त्याला माशांचा जुना नाद. शुक्रवारी त्याला बोलावलं. येताना अमोनिया तपासायचं किट घेऊन आला. टाकीचं थोडं पाणी काचेच्या नळीत, त्यात बाटल्यांतले थेंब, पाच मिनिटं थांबायचं. पिवळं राहिलं तर ठीक. आमचं पाणी शेवाळासारखं हिरवंगार झालं. मग त्याने समजावलं ते मला कोणीच सांगितलं नव्हतं. माशांच्या विष्ठेतून, उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो. एक जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. पहिली दोन्ही माशांना विष, तिसरं बरंच सोसतं. हे जिवाणू मुख्यतः त्या काळपट स्पंजमध्ये राहतात आणि नव्या टाकीत बस्तान बसवायला त्यांना चार ते सहा आठवडे लागतात. आमचा माणूस दर पंधरा दिवसांनी त्यांना क्लोरीनवाल्या नळाखाली धुऊन टाकत होता. म्हणजे टाकी पाच महिने रोज नवीच होती.

बोलता बोलता सात वाजले. आमच्या ऑफिसातले काका नेहमीप्रमाणे सगळं आवरून मेन स्विच पाडायला निघाले. भाऊ ओरडलाच. "फिल्टर पण बंद करता?" करतो की. रोज रात्री. शुक्रवारी पाडलेला स्विच थेट सोमवारी सकाळी वर. अडीच दिवस पाणी हलत नाही, स्पंजमधले उरलेसुरले जिवाणूही हवेवाचून मरतात. आणि सोमवारी काका स्विच वर करायचे तेव्हा तो माणूस शेजारी उभा असायचा! शुक्रवार त्याला का नको होता, ते मला त्या क्षणी कळलं.

थोडा दोष आमचाही. आठ माणसं, आठही जण जाता-येता चिमूटभर खाणं टाकणार. पण दिवसातून तीनदा घाला, हेही त्यानेच सांगितलं होतं.

बाकीच्या थापा भावाने भराभर मोजल्या. काच मासे आपल्याच नद्यांतले, जन्मतः बिनरंगी. त्यांना सुईने रंग टोचलेला असतो. म्हणून पट्टा हायलायटरने ओढल्यासारखा मध्येच तुटतो आणि काही महिन्यांत विटतो, तोवर मासा जगलाच तर. गोल्डफिश थंड पाण्याचे, भरपूर घाण करणारे. दोन फुटांत नऊ म्हणजे वनरूम किचनमध्ये वऱ्हाड, वर त्यांना हीटर. सकर घाण खात नाही, शेवाळ खातो आणि सगळ्यांत जास्त घाण तोच करतो. फूटभराच्या वर जातो तो.

दुकानात गेले. फिल्टर बंद असतो हे दिसत होतं ना, विचारलं. "मॅडम, तुम्ही विचारलंच नाही." मागे पाटी: विकलेला माल परत घेतला जाणार नाही. ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ ला, फोन लावला तर पहिला प्रश्न बिलाचा. वहीचं पान, त्यावर ना दुकानाचं नाव ना सही. गंमत म्हणजे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं हीच अनुचित प्रथा आहे. सदोष माल बिलावरच्या मुदतीत, मुदत लिहिली नसेल तर ३० दिवसांत, परत घ्यायला नकार देणं हीसुद्धा. पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला जिल्हा आयोगात शुल्कही नाही. पण माझा महिना कधीच उलटला होता आणि तो माल त्याचाच, हे दाखवायला हातात काही नव्हतं. तेव्हा कितीही गोड बोलला तरी पक्कं बिल घ्या, त्यावर टाकीचं माप आणि माशांची नावं लिहून घ्या. नाव सांगताना तो अडखळला तर तिथूनच परत फिरा.

आता फिल्टरला वेगळं कनेक्शन आहे, वर कागद चिकटवलाय, 'हात लावू नये'. उरलेले मासे भावाने त्याच्या मोठ्या टाकीत नेले, टाकी सहा आठवडे रिकामी चालवली. सर रोज विचारायचे, मासे कुठायत. मग आठ गप्पी सोडले. तेच, डासांसाठी आरोग्य खातं विहिरीत सोडतं ते. सगळे नर, कारण मादी आली की महिन्याभरात पिल्लं. आठवड्याला दीड बादली पाणी मी स्वतः बदलते, स्पंज त्या काढलेल्या पाण्यातच पिळते. खाणं माझ्या ड्रॉवरमध्ये, कुलपात. ईशान्येला सोनेरी-काळे मासे नाहीत म्हणून सर अजून थोडे नाराज आहेत.

फक्त तो 'शार्क' भावाकडेही मावेना. कोणीतरी म्हणालं तलावपाळीला, मासुंदा तलावात सोडा. परक्या नदीतला मासा मासुंद्यात कसा सोडणार? शेवटी दुकानात फुकट देऊन आले, दुसरं काही सुचलं नाही.

परवा स्टेशनला जाताना दुकानाबाहेरच्या टाकीत तोच दिसला. नाकावर तोच पांढरा व्रण. समोर एक बाई, हाताशी सहा-सात वर्षांचा मुलगा, आणि मालक सांगतोय, "शार्क आहे मॅडम, एकच पीस उरलाय." मी थांबले. वाकून मुलाला म्हटलं, "बाळा, नीट बघ बरं, त्याला मिशा दिसतायत का?"