उदगीर की रत्नागिरी: मत्स्यशास्त्राची पदवी कोठे घ्यावी?

मराठवाड्यातील विद्यार्थ्याला मत्स्यशास्त्राची चार वर्षांची पदवी घ्यायची असेल, तर त्याच्यासमोर प्रामुख्याने दोन पर्याय येतात: नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे उदगीर येथील महाविद्यालय आणि दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे शिरगाव, रत्नागिरी येथील महाविद्यालय.

शिरगावचे महाविद्यालय १९८१ पासूनचे आहे आणि समुद्र जवळ असल्यामुळे कोळंबी, खेकडा, कालवे (खाण्याचे शिंपले), मासेमारी जहाजे व मासळी प्रक्रिया हे विषय तेथे प्रत्यक्ष पाहून शिकता येतात. निर्यात किंवा सागरी संशोधनाची ओढ असणाऱ्याने निःशंकपणे तेथे जावे.

मात्र जायकवाडीच्या जलाशयात किंवा गावच्या शेततळ्यात काम करायचे असेल, तर माझा कौल उदगीरला आहे. आपले प्रश्न गोड्या पाण्याचे आहेत. कटला, रोहू, मृगळ हे मासे साठलेल्या पाण्यात सहसा अंडी घालत नाहीत. त्यांना संप्रेरकाचे इंजेक्शन द्यावे लागते, आणि हे तंत्र भारतात हिरालाल चौधुरी यांनी १९५७ मध्ये यशस्वी केले. मत्स्यजिऱ्यांपासून (अंड्यातून नुकत्याच बाहेर आलेल्या पिल्लांपासून) बोटुकलीपर्यंतचे (बोटाएवढ्या पिल्लांपर्यंतचे) संगोपन, तसेच उन्हाळ्यात पाणी आटल्यावर पहाटे प्राणवायू कमी पडून पृष्ठभागावर तोंड उघडून येणारे मासे कसे वाचवावेत, हा अभ्यास याच हवामानात व्हायला हवा. घरापासूनचे अंतर आणि वसतिगृहाचा खर्च हेही आमच्याकडच्या शेतकरी कुटुंबांसाठी गौण मुद्दे नाहीत.

पुढे संशोधनाकडे वळणाऱ्यांसाठी मुंबईची केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था दोन्ही ठिकाणच्या पदवीधरांना प्रवेश परीक्षेद्वारे खुली आहे.