हरणाच्या शिकारीसाठी .२४३ की .३०८?
दोन्ही रायफलची काडतुसं, विंचेस्टर या अमेरिकी कंपनीचीच, शिवाय नात्यातली: १९५२ च्या .३०८ च्या कवचाची (दारू भरलेल्या पितळी नळीची) मान आवळून १९५५ मध्ये .२४३ आलं. खरा फरक गोळीच्या वजनात. हरणासाठी .२४३ मध्ये साधारण १०० ग्रेनची (सुमारे साडेसहा ग्रॅमची) गोळी वापरतात, .३०८ मध्ये १५० ते १८०. हलक्या गोळीमुळे खांद्याला दणका कमी बसतो, त्यामुळे नवखा माणूस ट्रिगर दाबताना डोळे मिटत नाही. माझ्या मते अर्धी लढाई तिथेच जिंकली. पण हरीण तिरकं उभं असेल, हाड फोडून गोळी खोल जायला हवी असेल, तर .३०८ च घ्या. एल्कसारख्या थोराड जनावरालाही तेच. आणि हो, .२४३ च्या ५५ ग्रेनच्या चटकन फुटणाऱ्या गोळ्या छोट्या प्राण्यांसाठी असतात, हरणावर नकोत.